सत्तावीस पिवळे टॅग

माझं इंग्रजी चांगलं आहे, असा माझा बावीस वर्षं समज होता, आणि तो काही अगदीच हवेत नव्हता. आनंदनगर एमआयडीसीत आमचा व्हॉल्व्हचा कारखाना आहे. तिथल्या स्टोअरची सगळी पत्रं मी लिहितो. 'विथ रेफरन्स टु द अबव्ह'ने सुरुवात, 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन'ने शेवट, आणि मधलं काय ते त्या दिवशीच्या मालावर. सोसायटीत कुणाला नळाचं कनेक्शन हवं असो, कुणाच्या मुलाच्या दाखल्यात नाव चुकलेलं असो, लोक रात्रीचं जेवण झालं की कागद घेऊन माझ्या दारात. 'महेंद्रभाऊंनी लिहिलेला अर्ज परत येत नाही,' असं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शंकरराव एकदा गच्चीवर चारचौघांत म्हणाले होते. ते वाक्य मी पुढे बरीच वर्षं स्वतःच लोकांना सांगत होतो.

अशा माणसाला फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी जर्मनीच्या एका बाईंनी चार मिनिटांत आडवा पाडला, तेही कॉम्प्युटरच्या पडद्यावरून.

बाईंचं नाव बिर्गिट. आमचे व्हॉल्व्ह घ्यायचे की नाही, हे ठरवणारी ती बाई. ऑनलाइन मीटिंगला शेठ होते आणि शेजारी मी, कारण स्टोअर मॅनेजरची जागा आठ महिने रिकामी. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "कॅन यू लुक इंटू इट अँड गेट बॅक टू मी? वी कान्ट पुट इट ऑफ."

आता बघा. लुक मला येतो. इंटू येतो. गेट, बॅक, पुट, ऑफ, सगळी मंडळी माझ्या चौथीपासूनच्या ओळखीची. पण ही दोघं-दोघं मिळून आली आणि एकानेही मला ओळख दाखवली नाही. मी माझ्या परीने अर्थ लावला. कशाच्या तरी आत बघायचंय, ते घेऊन परत यायचंय, आणि काहीतरी बंद करता येत नाहीये. पडद्यावर बाई वाट बघत होत्या. शेठ माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "येस मॅडम, वी विल लुक," आणि प्रसंगावधान राखून मागचं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. आत दिवाळीचे उरलेले दोन बॉक्स आणि आमचा हेल्पर बबन याचा डबा होता.

मीटिंग संपल्यावर शेठनी स्वतः उठून ते कपाट बंद केलं. जितेशशेठ उल्हासनगरचे सिंधी. त्यांच्या एका वाक्यात दोन भाषा सुखाने नांदतात. मग म्हणाले, "महेंद्रजी, साईं, एक बात बताओ. कपाट कशाला दाखवला?"

मी म्हणालो, "त्यांनी आत बघा म्हटलं."

शेठनी डोळे मिटले. "देखो. एक महिन्यानी बाई इकडे येणार. स्टोअरपासून डिस्पॅचपर्यंत सगळा बघणार. फिरवणार तुम्ही. बाई खूश, तर मॅनेजरची खुर्ची तुमची. नाही जमला तर मला बाहेरून माणूस आणायला लागेल. बुरा मत मानना."

खुर्चीबद्दल दोन शब्द सांगतो. काळी, फिरती, उंच पाठीची. आधीचे साहेब दुबईला गेल्यापासून ती रिकामी होती आणि तिच्यावरची धूळ रोज सकाळी मी स्वतः पुसत होतो. बसलो मात्र कधीच नाही. म्हणजे एकदा बसलो होतो. शुक्रवारी, आमच्या एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, स्टॉक मोजायला आलो होतो तेव्हा. अर्धा मिनिट. एक गोल फिरलो आणि उठलो. माझं वय एक्कावन्न आहे, हे आठवण म्हणून सांगतो.

घरी आल्यावर मी हा प्रकार मुलीच्या कानावर घातला. प्रीती ऐरोलीला एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांशी दिवसभर फोनवर बोलते. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही इंग्रजी बोलत नाही. तुम्ही अर्ज करता."

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणता पोस्टपोन. ते म्हणतात पुट ऑफ. तुम्ही म्हणता टॉलरेट, ते म्हणतात पुट अप विथ. आग विझवली की पुट आउट. मालाची चौकशी केली की लुक इंटू. शोधला की लुक फॉर. सांभाळला की लुक आफ्टर."

"पण पुट म्हणजे ठेवणे ना गं?"

"एकटा असला तर. सोबत कोण आहे त्याच्यावर अर्थ बदलतो."

स्वयंपाकघरातून माझी बायको भावना म्हणाली, "यांच्यासारखंच की. एकटे असले की एक, आणि शंकरराव सोबत असले की भलतंच."

या घरात माझ्या अब्रूला कधी वालीच नव्हता. मी त्याच आठवड्यात विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर, मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर चालणारा इंग्रजी संभाषणाचा क्लास लावला. तेजल मॅडम शिकवायच्या. वय चोवीस. मी पहिल्या दिवशी उभा राहून 'गुड इव्हनिंग, रिस्पेक्टेड मॅडम' म्हणालो आणि अख्ख्या वर्गाने मागे वळून बघितलं. वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं. मॅडम मला अंकल म्हणायच्या. मी वहीत दोनशे जोड्या उतरवून पाठ केल्या. गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे. टेक ऑफ, टेक ऑन, टेक ओव्हर. रात्री झोपलो की या सगळ्यांच्या शेपट्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळी कुणाचं काय ते कळायचं नाही.

ही बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ले सुरू झाले. शंकरराव म्हणाले, इंग्रजी बातम्या बघा, पण आवाज बंद करून, नुसते ओठ बघा. तळमजल्याच्या जनाबाई म्हणाल्या, रोज सकाळी मधात वेखंड उगाळून चाटा, जीभ सुटते, माझ्या भाच्याची सुटली होती, आता तो थांबतच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने तर सांगितलं, बाईंना आल्या-आल्या गरम वडापाव द्या, तोंड भरलेलं असलं की प्रश्न येत नाहीत. मी वेखंड चाटलं. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

शेवटी तेजल मॅडमनीच उपाय सांगितला. "अंकल, पाठ नका करू. चिठ्ठी लिहा आणि वस्तूला लावा. गॅसच्या बटणाला टर्न ऑफ. बादलीला फिल अप. वस्तू दिसली की शब्द आठवतो."

उपाय सोन्यासारखा होता. फक्त चिकटपट्टीने चिठ्ठ्या राहीनात, वाफेने सुटून वरणात पडायला लागल्या. मग मला आमच्या स्टोअरमधले टॅग आठवले.

इथे थोडं कारखान्याचं सांगावं लागेल. आमच्याकडे मालाला पुठ्ठ्याचे टॅग लावतात, दोरीसकट. हिरवा म्हणजे माल बरोबर. लाल म्हणजे बाद. आणि पिवळा म्हणजे होल्ड, म्हणजे काहीतरी शंका आहे, तपासणी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सहा वर्षांपूर्वी एकदा पिवळा टॅग असलेली गॅस्केटची पेटी कुणीतरी घाईत वापरली आणि अख्खा माल गिऱ्हाइकाकडून परत आला. त्यानंतर नियम कडक केला. कुणी केला? मी केला. पिवळा टॅग दिसला की वाचायचं नाही, विचारायचं नाही, डोकं चालवायचं नाही. हलवता येण्यासारखी वस्तू असेल तर ती जाळीच्या खोलीत नेऊन कुलूप लावायचं. हलवता येत नसेल तर तिच्यापासून लांब उभं राहायचं. आणि टॅग ज्याने लावला त्यानेच रजिस्टरमध्ये कारण लिहून, सही करून काढायचा. रजिस्टरमध्ये शेवटी निर्णयाचा रकाना. त्यात तीनच पर्याय: परत पाठवा, दुरुस्त करा, किंवा आहे तसं वापरा. हे सगळं मी सहा वर्षं रोज सकाळी सगळ्यांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. विशेषतः बबनला.

बबन आमचा स्टोअरचा हेल्पर. बदलापूरच्या पलीकडच्या गावचा, घरची थोडी भातशेती, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच लहान. अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होता. टॅगचं कपाट, जाळीची किल्ली आणि रजिस्टर त्याच्या ताब्यात. इंग्रजी त्याला वाचता येत नाही, पण रंग मात्र तो दहा फुटांवरून ओळखतो.

तर पिवळ्या टॅगांचा एक गठ्ठा छपाईत कंपनीचं नाव चुकल्यामुळे भंगारात काढला होता. तो मी घरी आणला. दोरीमुळे काम फार सोपं झालं. गॅसला, गिझरला, फ्रिजला, कपाटाला टॅग लटकले. भावनाने दोन दिवस सहन केलं, म्हणजे पुट अप विथ केलं, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या ताटाला 'फिनिश ऑफ'चा टॅग बांधून वाढलं. मला उलट हुरूप आला. मी इमारतीच्या लिफ्टलाही एक टॅग लावला, 'गो अप'.

त्या दिवशी शंकरराव जिन्याने चार मजले चढून गेले. त्यांचे दोन्ही गुडघे डॉक्टरकडे चालू आहेत. दाराशी येऊन धापा टाकत म्हणाले, "लिफ्ट बंद आहे तर नोटीस लावायची ना!"

"लिफ्ट चालू आहे शंकरराव. तो माझा अभ्यास आहे."

"मग टॅग का लावलाय?"

"वाचला नाहीत?"

"टॅग कोण वाचतं हो? लावलाय म्हणजे बंद."

हे वाक्य मी त्याच वेळी नीट ऐकायला हवं होतं. पण मी त्यांना पाणी दिलं आणि विषय बदलला. पुढच्या रविवारी कमिटीने मला 'सामाईक मालमत्तेवर अनधिकृत फलक' म्हणून नोटीस दिली, इंग्रजीत. तिचा मसुदा घेऊन शंकरराव आधी माझ्याकडेच आले होते, भाषा तपासायला. मीच तिच्यात 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन' घालून दिलं. माणूस स्वतःविरुद्धची नोटीस सुधारून देतो, इतका मी भाषेचा सच्चा आहे.

बाई शनिवारी यायच्या होत्या. आदल्या दिवशी शुक्रवार, कारखान्याला सुट्टी. क्लासमध्ये मी ठीक बोलत होतो, पण मला माझा भरवसा नव्हता. हातात कागद धरून बाईंना फिरवलं तर शोभलं नसतं. मग मला ती कल्पना सुचली, जिचा मला त्या शुक्रवारी दुपारी इतका अभिमान वाटला की मी एकटाच हसलो.

बाई ज्या वाटेने जाणार त्या वाटेवर मी टॅग लावून ठेवायचे. टर्निंग मशीनला 'सेट अप'. क्रेनला 'पिक अप'. पॅकिंग टेबलला 'सेंड आउट'. कारखान्यात तसेही टॅग असतातच, कुणाला संशय येणार नाही. बाईंशी बोलता बोलता नजर सहज वळवली की शब्द समोर. वॉचमनला स्टॉक मोजायचं कारण सांगून मी आत गेलो आणि तीन तासांत सत्तावीस टॅग बांधले. पाण्याच्या कूलरला 'कूल डाउन'. चहाच्या मोठ्या किटलीला 'वॉर्म अप'. हातगाडी, वजनकाटा, हवेचा कॉम्प्रेसर, काही सोडलं नाही. जाता जाता पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला 'होल्ड ऑन' लावला, कारण तो एक शिल्लक राहिला होता. आणि सगळ्यात शेवटी मॅनेजरच्या खुर्चीला एक टॅग बांधला. 'टेक ओव्हर', म्हणजे ताबा घेणे. तो बाईंसाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

एकदा पूर्ण वाटेने चाललो. मोठ्याने बोलत चाललो. सत्तावीसच्या सत्तावीस जोड्या बरोबर आल्या. त्या दिवशी मी घरी पेढे घेऊन गेलो.

शनिवारी मी लग्नातला कोट घालून आठलाच हजर झालो. कोटाचं बटण लागत नव्हतं, म्हणून प्रीतीने आतून सेफ्टी पिन लावली होती. शेठनी मला थेट केबिनमध्ये घेतलं, फोन बंद करायला लावला आणि पुढे अडीच तास बाईंसमोर कारखान्याची माहिती मोठ्या पडद्यावर दाखवत बसले. केबिनला एसी, दारं घट्ट बंद. मधे काचेपलीकडे प्रॉडक्शनचा सुजित दोनदा येऊन हातवारे करून गेला. शेठनी आतूनच त्याला जा जा केलं. मी मनात 'लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इंटू' म्हणत बसलो होतो. खरं सांगू, मजेत होतो.

साडेदहाला आम्ही शॉपचं दार उघडलं.

आत आवाज नव्हता. बावीस वर्षांत कामाच्या दिवशी तिथे मी पंख्याचा आवाज कधी ऐकला नव्हता, तो ऐकू आला. एकही मशीन चालू नव्हतं. चाळीस माणसं आपापल्या मशीनपासून हातभर अंतरावर, हात मागे बांधून उभी होती. काहींच्या तोंडावर अवघडल्यासारखे भाव होते, त्याचं कारण स्वच्छतागृहाचं दार. कुणी पाणी प्यायलेलं नव्हतं, चहा झालेला नव्हता. आणि कोपऱ्यातल्या जाळीच्या खोलीत, कुलपामागे, हातगाडी, वजनकाटा, चहाची किटली आणि मॅनेजरची काळी खुर्ची ओळीने ठेवलेली होती. प्रत्येकाच्या गळ्यात पिवळा टॅग.

सगळं एका क्षणात कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

"ये क्या है?" शेठ हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज वाईट.

सुजित पुढे झाला. वय तीस, हुशार पोरगा, पण त्या वेळी त्याला स्वतःची कातडी वाचवायची होती. "सर, सकाळपासून सगळं होल्डवर आहे. मला वाटलं ऑडिट आहे म्हणून वरून आलंय. पण कुणाला काहीच माहीत नाही. टॅगचं कपाट बबनकडे असतं. त्याच्याशिवाय कोण लावणार? वर सामानही त्यानेच उचलून आत कोंडलंय."

"बबन!" शेठ ओरडले. "सगळे टॅग काढ. अब्बी के अब्बी!"

बबन जाळीसमोर उभा होता, किल्ली मुठीत. तो हलला नाही. "सही लागंल, शेठ."

"कसली सही?"

"ज्यानं लावला त्याची. तवा टॅग निघल."

"अरे, मी मालक सांगतोय!"

"तुमी मालक हाव, शेठ. पन तुमी लावला नाय ना."

सुजित म्हणाला, "सर, कॉन्ट्रॅक्टरला फोन लावतो. उद्यापासून ह्याला पाठवू नको म्हणून सांगतो."

"लाव फोन," शेठ म्हणाले.

बबनने एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्याला इंग्रजी वाचता येत नाही हे खरं, पण रोज अकरा वर्षं तो माझ्या अक्षरातलं रजिस्टर उघडतो. टॅगवरचं अक्षर कुणाचं, हे त्याला सकाळी सात वाजताच कळलेलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे पाहायला लागला. एक अक्षर बोलला नाही.

आणि मीही बोललो नाही. हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. चार-पाच सेकंद मी गप्प उभा राहिलो. जाळीतून ती खुर्ची दिसत होती. मनात आलं, बबनला नंतर परत घेता येईल, शेठचा राग उतरला की मी बोलेन, आत्ता बाई समोर आहेत. असं सगळं व्यवस्थित मनात येत होतं. सुजितने फोन कानाला लावला. बबनने हातातली किल्ली खिशात ठेवली नाही, पुढे करून धरली, म्हणजे कुणीतरी ताब्यात घ्यावी म्हणून. ते बघितलं आणि मला माझीच शिसारी आली.

तेवढ्यात बिर्गिट बाईंनी इंग्रजीत विचारलं, "हे टॅग कुणी लावले?"

दोनशे जोड्यांपैकी एक तरी त्या वेळी मदतीला यायला काय हरकत होती? ओन अप म्हणून एक होती, कबूल करणे, क्लासमध्ये तिसऱ्या आठवड्यात झाली होती. ती मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना आठवली. त्या वेळी मी म्हणालो, "आय डिड. मी. नॉट बबन. बबन इज करेक्ट."

कोटाची पिन त्याच वेळी सुटली, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शेठनी माझ्याकडे असं बघितलं की मला ते कपाट परत उघडावंसं वाटलं, आत शिरायला. बाईंनी विचारलं, "का लावले?" मी सांगितलं. जमेल तसं, तुटक, चुकीचं, पण सगळं सांगितलं. तुमच्या भाषेत छोटे शब्द आहेत, ते माझ्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून वस्तूंना बांधले. पिवळा म्हणजे काय हे मीच सगळ्यांना शिकवलंय आणि मीच विसरलो. ह्या माणसाला काढू नका, त्याने फक्त माझं ऐकलं. प्रीती म्हणते तसा अर्ज करण्याचं तेव्हा सुचलं नाही.

बाई टर्निंग मशीनपाशी गेल्या. टॅग उलटून वाचला. मग कॉम्प्रेसरचा. मग स्वच्छतागृहाच्या दाराचा वाचला आणि रांगेत अवघडून उभ्या असलेल्या माणसांकडे एकदा बघून तोंडावर हात ठेवला. मग बबनसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "ह्यांना विचारा, मालक ओरडले तरी टॅग का काढला नाही?"

मी विचारलं. बबन म्हणाला, "पिवल्याला हात नाय लावाचा, तुमीच तर बोल्लेलाव. तुमच्यासाठी येगला पिवला असतो काय?"

मी भाषांतर करायचा प्रयत्न केला. जमलं का ते माहीत नाही, पण बाईंनी वहीत बराच वेळ लिहिलं. बबनचं नाव स्पेलिंगसकट विचारून घेतलं. मग शेठकडे वळून अगदी सावकाश म्हणाल्या, "मी खूप कारखाने बघितलेत. टॅग सगळीकडे असतात. बॉस ओरडला की लोक टेक देम ऑफ."

टेक ऑफ मला कळलं. वहीत न बघता कळलं, कारण ते न करणारा माणूस किल्ली धरून समोर उभा होता. सुजितने फोन खिशात ठेवला.

पुढचे दोन तास मी उभ्या-उभ्या रजिस्टर भरलं. बबन एक-एक टॅग दाखवायचा, मी कारण लिहायचो, सही करायचो, मगच टॅग सुटायचा आणि मशीन सुरू व्हायचं. पहिलं स्वच्छतागृह, सर्वांच्या एकमताने. कारणाच्या रकान्यात मी सव्वीस वेळा 'स्वतःच्या अभ्यासासाठी' असं लिहिलं. आजूबाजूला चाळीस माणसं होती, त्यांतली निम्मी गालात हसत होती, आणि ते हसणं मला गोड मानून घ्यावंच लागलं. बाईंना शेवटी सुजितने फिरवलं. त्याचं इंग्रजी बरं आहे.

सत्ताविसावा टॅग खुर्चीचा. तो बबनने जाळीतून दाखवला तेव्हा सगळे बघत होते. तिथे कारण काय लिहिणार? मी म्हणालो, "हा राहू दे." बबनने मान हलवली आणि खुर्चीसकट जाळीला कुलूप लावलं.

घरी गेल्यावर मी सगळे टॅग सोडून टाकले. भावनाने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "बबनभाऊंना एकदा जेवायला बोलवा." प्रीतीने विचारलं, "आणि खुर्ची?" मी म्हणालो, "खुर्चीला पाय आहेत, कुणीतरी बसेल." विठ्ठलवाडीचा क्लास मी सोडला. तेजल मॅडमचा निरोप आला, अंकल, गिव्ह अप नका करू. ही जोडी मात्र मला पहिल्या झटक्यात कळली.

बारा दिवस शेठ माझ्याशी कामापुरतंच बोलले. तेराव्या दिवशी जर्मनीहून पत्र आलं, व्हॉल्व्ह घेतो म्हणून. पत्रात बबनचं नाव होतं, बरोबर स्पेलिंगसह. शेठनी बबनला केबिनमध्ये बोलावून कायम केल्याचा कागद दिला. तो त्याने माझ्याकडे आणून वाचून घेतला, दोनदा, आणि घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "साएब, खुर्ची अजून आत हाय."

"माहीत आहे रे."

"होल्डवर लई दिवस नाय ठेवाचा. तुमीच बोल्लेलाव."

त्याच संध्याकाळी शेठ स्वतः स्टोअरमध्ये आले. जाळीसमोर उभे राहिले. "ये कुर्सी अंदर क्यों है?"

"सही बाकी हाय, शेठ," बबन म्हणाला.

शेठनी जाळीतून हात घालून टॅग वळवला. वाचला. "टेक ओव्हर." मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. आमच्या छताला बघण्यासारखं काही नाही, तरी बघितलं.

"रजिस्टर आण," शेठ म्हणाले.

बबनने रजिस्टर उघडून माझ्यासमोर धरलं. सत्तावीस नंबर, वस्तू: मॅनेजरची खुर्ची. कारणाचा रकाना रिकामा. शेठ हाताची घडी घालून उभे होते, म्हणजे लिहिणं भाग होतं. मी पेन उघडलं आणि जे खरं होतं ते लिहिलं, 'माणूस बोलण्यात कच्चा.' खाली सही केली.

शेठनी ते वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेतलं. निर्णयाचा रकाना. परत पाठवा, दुरुस्त करा, आहे तसं वापरा. त्यांचं पेन पहिल्यावर थांबलं. दुसऱ्यावर थोडं जास्तच थांबलं. मग त्यांनी तिसऱ्यापुढे खूण केली आणि आपली सही ठोकली.

"कल से अंदर बैठो," ते म्हणाले, "पर कपाट किसी को मत दिखाना." आणि निघून गेले.

मी जाळीकडे धावलोच. बबनने हात आडवा घातला. त्याने रजिस्टर दिव्याखाली धरलं, माझी सही बघितली, शेठची सही बघितली, तारीख बघितली. मगच खिशातून किल्ली काढली.